टाकी गेली, पेट्रोल राहिलं

[दृश्य: डांबरी मोकळी जागा. जमिनीच्या पातळीला बसवलेलं वीतभर लोखंडी झाकण.]

इथं एके काळी पेट्रोल साठवायची भूमिगत टाकी होती. ती उकरून काढली, खड्डा बुजवला, वर डांबर पडलं. खाली काय चाललंय ते पाहायचं असेल, तर हे झाकण उघडावं लागतं.

आत दोन इंची पीव्हीसी पाईप. खालच्या भागाला बारीक चिरा, त्याभोवती वाळू, वर बेंटोनाइट मातीचा बूच, म्हणजे पावसाचं पाणी पाईपलगत खाली उतरत नाही. ही निरीक्षण विहीर. पिण्यासाठी नव्हे, फक्त तपासण्यासाठी.

जुन्या टाक्या साध्या पोलादाच्या असत. ओल्या मातीत त्या गंजत, कधी पाइपाचा सांधाच सैल होई. थेंबथेंब गळती साठ्याच्या हिशेबात 'घट' म्हणून खपून जायची. अमेरिकेनं 1984 मध्ये अशा टाक्यांसाठी कायदा केला. त्यानंतर तिथं पाच लाखांहून जास्त गळत्यांची नोंद झाली.

[दृश्य: जमिनीचा छेद दाखवणारं रेखाचित्र.]

पेट्रोल पाण्याहून हलकं. मातीतून झिरपत ते भूजलापर्यंत पोचतं आणि तिथं तरंगत पसरतं. त्यातलं थोडं पाण्यात विरघळतं: बेंझीन, टोल्यूइन, इथाइलबेंझीन, झायलीन. यात बेंझीन सर्वात घातक, कारण त्यानं माणसाला रक्ताचा कर्करोग होतो. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एक ग्रॅम बेंझीन एक लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेवर नेऊन ठेवतं.

ऑक्टेन वाढवण्यासाठी पेट्रोलमध्ये घातलं जाणारं एमटीबीई तर आणखी चपळ. ते मातीला फारसं धरून राहत नाही, पाण्याबरोबर पुढे निघून जातं. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला याच रसायनापायी पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचा जवळपास निम्मा पुरवठा त्यांच्यावर होता.

[दृश्य: विहिरीत उतरणारी मोजपट्टी. यंत्राचा आवाज.]

फितीच्या टोकाला संवेदक आहे. तेल लागलं की सलग सूर, पाणी लागलं की तुटक टुक-टुक. तेल आणि पाणी किती खोलीवर लागलं, यातला फरक म्हणजे विहिरीतल्या इंधनाच्या थराची जाडी.

ज्या विहिरीत असा थर नाही, तिथून नमुना घेतात. पंप मुद्दाम संथ ठेवतात. जोरात उपसलं तर गाळ ढवळतो आणि वायुरूप होणारी रसायनं उडून जातात. पाण्याचा सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन हे आकडे स्थिरावले की 40 मिलिलिटरची काचेची बाटली भरायची. आत आधीच थोडं आम्ल असतं, जिवाणूंनी वाटेत बेंझीन खाऊ नये म्हणून. बाटली काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची, टिचकी मारायची. बुडबुडा दिसला? ती बाटली बाद, दुसरी घ्यायची. मग बर्फाच्या पेटीत, आणि 14 दिवसांच्या आत चाचणी. पेटीत प्रयोगशाळेतूनच भरून आलेली शुद्ध पाण्याची एक बाटलीही जाऊन-येऊन प्रवास करते. तिच्यात बेंझीन निघालं, तर दोष विहिरीचा नाही, वाटेतल्या हाताळणीचा.

[दृश्य: नकाशावर विहिरींचे ठिपके, त्यांना छेदणारा बाण.]

पाणी कुठल्या दिशेनं वाहतंय हे कळायला किमान तीन विहिरी लागतात. एक वरच्या अंगाला, म्हणजे शेजारून आलेली घाण आपल्या खात्यावर पडत नाही. बाकीच्या खालच्या अंगाला. भेगांच्या खडकात मात्र हा बाण फसवू शकतो. पाणी भेग नेईल तिकडे जातं.

खरी गोम पुढेच आहे. पावसाळ्यानंतर पातळी वर चढते, आणि विहिरीतला इंधनाचा थर पातळ होतो, कधी दिसेनासाच होतो. अहवाल वाचणारा खूश. पण इंधन गेलेलं नसतं, मातीच्या कणांमध्ये पाण्याखाली अडकलेलं असतं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तेच ओघळून पुन्हा विहिरीत येतं. म्हणून पाणीपातळी न लिहिता दिलेला बेंझीनचा किंवा थराचा आकडा माझ्या लेखी अर्धवटच.

बेंझीनच्या आकड्यातली घट खरीही असू शकते. जमिनीतले जिवाणू बेंझीन खातात. आधी ऑक्सिजन वापरतात, तो संपला की नायट्रेट, लोह, सल्फेट. म्हणूनच प्रयोगशाळेला हेही मोजायला सांगतात. दूषित पट्ट्याच्या मधोमध ऑक्सिजन आणि सल्फेट कमी, विरघळलेलं लोह जास्त असेल, तर खाली काम चालू आहे.

[दृश्य: विहिरीत नळीनं सोडला जाणारा घट्ट राडा.]

ओल्या आणि कोरड्या, दोन्ही हंगामांत आकडे सलग मर्यादेखाली राहिले, तरच निरीक्षण थांबवण्याची भाषा करता येते. त्यानंतरही विहीर तशीच सोडत नाहीत. उघडा पाईप म्हणजे वरच्या घाणीला थेट भूजलापर्यंतची वाट. म्हणून तळापासून वरपर्यंत सिमेंट आणि बेंटोनाइट भरून ती बंद करतात.