झाडू पोहोचत नाही तिथली धूळ

(राजवाडा, रंगपंचमी. वरून दिसणारी गर्दी.)

गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघाली की इंदूरच्या राजवाड्याचे सातही मजले रंगात बुडतात. यंत्रातून उडवलेला गुलाल भसकन वर जातो, क्षणभर थबकतो आणि डोक्यांवर, गच्च्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर उतरतो. गेरीच्या मागोमाग सफाई कामगार येतात आणि काही तासांत रस्ता लख्ख होतो. इंदूरकर हे कौतुकानं सांगतात, आणि ते कौतुक खरंही आहे.

पण झाडायचं तर आधी ते खाली पडावं लागतं.

गुलाल जाडसर, म्हणून बसतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. हवेतले चिवट कण अडीच मायक्रॉनहूनही बारीक. पाऊस धुऊन काढेपर्यंत ते चांगले आठवडाभर वर भटकतात.

वर राहून करतात काय, ते बरंचसं त्यांच्या रंगावर. कोळशातल्या नि तेलातल्या गंधकापासून बनणारे सल्फेटचे कण उजळ. ते ऊन आल्या वाटेनं परत धाडतात. काजळी मात्र ऊन पिते. स्वतः तापते, भोवतालची हवा तापवते आणि जमिनीवरचा उजेड कमी करते. 1999 साली हिंदी महासागरावर हवेतल्या अशा कणांचा अभ्यास करणारी इंडोएक्स ही मोहीम झाली. हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आपल्या उपखंडावरून समुद्रापर्यंत पसरलेला तपकिरी धुरकट थर दिसला. त्यात हे दोन्ही होते.

(रामबागेतली गच्ची. प्लास्टिकची बाटली, काडेपेटी.)

आता ढग. बाटलीत चमचाभर कोमट पाणी घाला, झाकण लावून दाबा, सोडा. फारसं काही दिसत नाही. मग काडी ओढून विझवा, तिचा जरासा धूर आत घ्या. दाबा, सोडा. बाटलीत ढग! पुन्हा दाबा, गेला.

वाफेला बसायला पाट लागतो, आणि तो पाट म्हणजे हा कण. पाट फार मांडले तर मात्र पंचाईत: पाहुणे वाढले, आमटी तेवढीच. पाणी वाटलं जातं, थेंब बारीक होतात, ढग अधिक पांढरा होऊन जास्त ऊन परतवतो. ढगांचे अभ्यासक शॉन ट्वॉमी यांनी 1970च्या दशकात हे मांडलं. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. बारीक थेंबांना ते जड जातं.

जून 1991मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला. त्यानं सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड हा गंधकाचा वायू पाऊस पोहोचत नाही इतक्या उंचीवर फेकला. त्यापासून तिथे तसेच उजळ सल्फेटचे कण बनले. पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशानं उतरलं होतं.

इथेच खरी गोम आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा 2021चा अहवाल सांगतो, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पृथ्वी सुमारे 1.1 अंशानं तापली. नुसत्या हरितगृह वायूंनी, म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारख्या उष्णता अडवणाऱ्या वायूंनी, ती 1 ते 2 अंश तापवली असती, त्यातलं 0.8 अंशापर्यंत मुख्यतः या कणांनी दाबून धरलं असावं. आपल्याच घाणीची आपल्यावर सावली! 2020पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. फुप्फुसं सुखावली, सावली थोडी विरली. कार्बन डायऑक्साइड मात्र शेकडो वर्षं मुक्कामाला असतो.

मग धूर राहू द्यावा का? असं म्हणणाऱ्याला एप्रिलात नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले खुंट, पेटलेल्या शिवारात तासभर उभं करावं.

(संध्याकाळ. तीच गच्ची, वाळवण.)

गव्हाची कापणी झाली, कुठेतरी खुंट पेटलेत. आजी पांढऱ्याशुभ्र कुरडईवर पडलेला काळा कण नखानं उचलते, फुंकर मारते, कुरडई डब्यात ठेवते. हा जाडा होता, म्हणून सापडला. मागे सूर्य विझत चाललेल्या निखाऱ्यासारखा लाल दिसतोय.