जहाजावर जाण्याआधीचं मेडिकल: डॉक्टरांपासून काही लपवू नका

नमस्कार! जहाजावर पहिल्यांदा जॉइन होणारी मुलंमुली एक प्रश्न हमखास विचारतात. मेडिकलच्या वेळी डॉक्टरांना काय सांगायचं आणि काय नाही सांगायचं? माझं उत्तर एकच आहे: सगळं सांगायचं. का, ते आज नीट बोलू.

आधी जहाजावरची परिस्थिती लक्षात घ्या. सागरी कामगार करार, म्हणजे 'एमएलसी 2006', सांगतो की 100 किंवा त्याहून जास्त माणसं घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर असलाच पाहिजे. मालवाहू जहाजावर साधारण वीस-पंचवीस जण असतात, म्हणजे तिथे डॉक्टर नसतो. उपचाराचं प्रशिक्षण घेतलेला एखादा अधिकारी, औषधांची पेटी, एक वैद्यकीय मार्गदर्शक पुस्तक आणि रेडिओवरून किंवा उपग्रहावरून मिळणारा डॉक्टरांचा सल्ला, एवढ्यावर भागवायचं असतं. हा सल्ला चोवीस तास आणि मोफत मिळतो, पण सल्ला देणारे डॉक्टर तुमच्या छातीला स्टेथोस्कोप लावू शकत नाहीत. भर महासागरात हेलिकॉप्टर पोचत नाही आणि जवळचं बंदर कित्येक दिवसांवर असू शकतं. किनाऱ्यावर दोन गोळ्यांत आटोक्यात येणारं दुखणं तिथे जिवावर बेतू शकतं.

म्हणून या तपासणीचे दोन आधार आहेत. एक एमएलसी, जो 20 ऑगस्ट 2013 पासून लागू आहे. दुसरा 'एसटीसीडब्ल्यू', म्हणजे प्रशिक्षण आणि पहाऱ्याच्या मानकांचा 1978 चा करार, जो 2010 मध्ये मनिला इथे मोठ्या प्रमाणावर सुधारला गेला. मेडिकल सर्टिफिकेट जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं आणि वय 18 पेक्षा कमी असेल तर एकच वर्ष. रंग ओळखण्याच्या चाचणीचं सर्टिफिकेट मात्र सहा वर्षांपर्यंत चालतं. सफरीच्या मध्येच मुदत संपली तर घाबरू नका. जिथे नवीन तपासणी करून घेता येईल अशा पुढच्या बंदरापर्यंत जुनं सर्टिफिकेट ग्राह्य धरतात, पण तीन महिन्यांच्या वर नाही.

आता डोळे. डेकवर पहारा देणाऱ्यांना चष्मा लावून का होईना, प्रत्येक डोळ्याने किमान 0.5, म्हणजे 6/12 दिसलं पाहिजे. इंजिन विभागाला 0.4 चालतं. चष्मा असेल तर दुसरा जोड बरोबर ठेवाच.

रंगांच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. अंधारात समोरचं जहाज तुम्हाला दिसतच नाही, दिसतात फक्त त्याचे दिवे. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. लाल दिसला तर त्याची डावी बाजू तुमच्याकडे आहे, हिरवा दिसला तर उजवी, आणि दोन्ही एकदम दिसले तर ते सरळ तुमच्या अंगावर येतंय. कुणी कुणाला वाट द्यायची हे या रंगांवरूनच ठरतं. लाल-हिरव्यात गोंधळणारा माणूस ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, पहाऱ्याला असेल तर पूर्ण जहाजाचा जीव टांगणीला लागतो. रंग सुधारणाऱ्या लेन्स घालून चाचणी दिलीत तर तो निकालच बाद ठरतो. त्यामुळे भरपूर पैसे भरून कोर्सला प्रवेश घेण्याआधी रंगदृष्टी तपासून घ्या. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

लपवण्याचा विषय सर्वात जास्त निघतो तो ब्लड प्रेशर, शुगर, फिट येणं आणि मानसिक आजारांवरच्या गोळ्या यांच्या बाबतीत. नियंत्रणात असलेल्या ब्लड प्रेशरमुळे कुणी आपोआप अनफिट ठरत नाही. डॉक्टर बघतात की औषधांनी आजार स्थिर आहे का, आणि औषधांनी झोप किंवा चक्कर येते का. तुम्ही गोळ्या लपवून घेतल्या आणि उद्या बेशुद्ध पडलात, तर रेडिओवरच्या डॉक्टरांना तुम्ही काय घेता हे सांगणारं कुणी नसेल. सांगून जा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि सफर पुरेल इतकी औषधं मूळ पाकिटात घेऊन जा.

जहाजावर गेल्यावरही हेच. बंदरात शिरण्याआधी कॅप्टनला आरोग्यविषयक घोषणापत्र द्यावं लागू शकतं: कुणाला ताप आहे का, संसर्गजन्य आजाराची लक्षणं आहेत का. तुम्ही ताप अंगावर काढलात तर कॅप्टनची सही खोट्या माहितीखाली पडते. जहाजाचं स्वतःचंही स्वच्छतेचं प्रमाणपत्र असतं, सहा महिन्यांचं, पण ती कॅप्टन आणि कंपनीची जबाबदारी.

लसींमध्ये यलो फीव्हरकडे लक्ष द्या. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांमध्ये प्रवेशाची अट म्हणून नाव घेऊन सांगितलेला हा एकच आजार. सर्टिफिकेट लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य होतं, त्यामुळे विमानाच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. लसीच्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही.

आणि अनफिट ठरलात तर? आधी विचारा: तात्पुरतं की कायमचं? वजन, शुगर, नुकतंच झालेलं ऑपरेशन अशा कारणांनी काही महिन्यांसाठी थांबवतात आणि मग पुन्हा तपासतात. काहींना मर्यादा घालून फिट ठरवतात, उदाहरणार्थ फक्त किनाऱ्याजवळच्या सफरींसाठी. निकाल पटला नाही तर दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी मागण्याचा हक्क एमएलसीने तुम्हाला दिला आहे. तो कसा बजावायचा हे जहाजाचा झेंडा ज्या देशाचा, तिथलं सागरी प्रशासन सांगतं. कारण लेखी मागून घ्या, सगळे रिपोर्ट जपून ठेवा, आणि "सर्टिफिकेट जमवून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक पैसाही देऊ नका.