रहस्यकथेचे सारे प्रकार वाचताना

रहस्यकथेच्या प्रत्येक प्रकारातले निदान एक पुस्तक ठरलेल्या मुदतीत वाचून संपवायचे, असे आव्हान स्वीकारणाऱ्या वाचकासमोर प्रथम येतो तो या प्रकारांचा तक्ता. त्यात खासगी हेराची कथा आहे, आतून बंद असलेल्या खोलीत घडलेल्या गुन्ह्याचे, म्हणजे बंद खोलीतले रहस्य आहे, पोलिसी तपासकथा, न्यायालयीन कथा, हेरगिरीचा थरार, ऐतिहासिक रहस्यकथा आणि परभाषेतून अनुवादित झालेली कादंबरीही आहे. आवडत्या लेखकाची सारी पुस्तके ओळीने वाचून काढणे याहून पुष्कळ सोपे असते. परंतु तसे वाचताना वाचक प्रत्येक पुस्तकाला तोच एक प्रश्न विचारत राहतो. प्रकार बदलला की प्रश्न बदलावा लागतो, आणि आमच्या मते या आव्हानाचे मोल त्यातच आहे.

सर्वांच्या ओळखीचा प्रश्न म्हणजे ‘कोणी केले?’. १८४१ साली एडगर ॲलन पो यांच्या कथेतून ऑग्युस्त द्यूपँ हा तर्कनिपुण नायक वाचकांसमोर आला आणि त्याच्याबरोबर असामान्य बुद्धीचा शोधक, त्याची हकीकत सांगणारा मित्र आणि गोंधळलेले पोलीस असा एक साचाही आला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमधील लेखकांनी त्या साच्याला खेळाची शिस्त लावली. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू लेखकाने १९२९ मध्ये दहा नियम मांडले. हेराला सापडलेला दुवा तत्काळ वाचकालाही दाखवला पाहिजे, आणि कथेत एकाहून अधिक गुप्त खोली किंवा भुयार असता कामा नये, हे त्यांतले दोन. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब स्थापन झाला. हे नियम ठाऊक झाल्यावर त्या काळातली कादंबरी वेगळ्या सावधपणे वाचली जाते, कारण खोलीचे किंवा जेवणाच्या टेबलाचे साधे वर्णनदेखील पुरावा म्हणून मांडलेले असू शकते, याची जाणीव वाचकाला सतत राहते.

वाचकाची सर्वांत मोठी कसोटी मात्र उलट्या मांडणीच्या कथेत लागते. ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ च्या कथासंग्रहात एक धाडसी प्रयोग केला: कथेच्या पूर्वार्धात गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही उघडपणे दाखवायचे, आणि उत्तरार्धात डॉक्टर थॉर्नडाइक धूळ, तंतू, काचेचे तुकडे अशा बारीकसारीक खुणांवरून त्याच सत्यापर्यंत कसा पोहोचतो, हे सांगायचे. गुन्हेगार कोण हे आधीच कळल्यावर पाने उलटण्याचे कारण उरणार नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात वाचक पूर्वार्धातली प्रत्येक हालचाल आठवून पाहू लागतो, आपल्या नजरेतून काय निसटले हे तपासू लागतो आणि तपास ही किती चिकाटीची गोष्ट आहे हे त्याला उमगते. ज्यांना एकच अनोळखी प्रकार निवडायचा आहे, त्यांनी हा निवडावा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

अमेरिकेत डॅशिएल हॅमेट यांनी गुन्ह्याला बंगल्यातून रस्त्यावर आणले. ते स्वतः पिंकर्टन या खासगी तपास संस्थेत नोकरी केलेले लेखक असल्यामुळे त्यांचा नायक पैशासाठी काम करतो, मार खातो आणि शहरातले भ्रष्ट लागेबांधे ओळखून असतो. येथे उकल झाली तरी बिघडलेली घडी पूर्ववत बसत नाही, आणि नीटनेटक्या शेवटाची सवय झालेल्या वाचकाला ते सुरुवातीला जड जाते.

पोलिसी तपासकथेत नायकाची जागा एक अख्खे पथक घेते. माय श्योवाल आणि पेर वालो या स्वीडिश जोडीने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या सगळ्या मिळून आपल्या समाजाची एक सलग चिकित्सा व्हावी, अशी योजना आधीपासून ठेवली. पहिल्या कादंबरीत तपास महिनोन्‌महिने रेंगाळतो. दूरध्वनी, जुने कागद, निष्फळ चौकश्या यांत पानेच्या पाने जातात. घाईने वाचणाऱ्याला हा संथपणा दोष वाटेल, पण त्या कंटाळ्यातूनच कामाचे वजन कळते, आणि ‘कोणी केले?’ या प्रश्नाच्या जागी ‘हे घडू देणारी व्यवस्था कशी आहे?’ हा प्रश्न उभा राहतो.

हेरगिरीचा थरार आणि न्यायालयीन कथा हे रकाने लवकर भरतात, कारण त्यांचा वेगच वाचकाला पुढे नेतो. अनुवादाचा रकाना मात्र पुष्कळजण शेवटासाठी राखून ठेवतात, आणि मुदत संपत आल्यावर हाताला येईल ते पुस्तक उचलतात. त्यापेक्षा तो बंद खोलीच्या रहस्याला लागूनच वाचावा. जाड भिंती आणि भक्कम कुलपे असलेल्या युरोपीय घरातली एखादी कादंबरी संपवून सेइशी योकोमिझो यांची १९४६ ची जपानी कादंबरी हाती घेतली, की लाकूड, कागद आणि सरकत्या दारांच्या घरात बंद खोली मुळात निर्माण कशी करायची, हा लेखकासमोरचा पेच आपल्याला पहिल्या प्रकरणांपासूनच दिसू लागतो. आणि घराबाहेरच्या बर्फावर मारेकऱ्याच्या पावलांची खूण का नाही, हा प्रश्न मग दुप्पट अवघड होऊन समोर येतो.