'ती' आणि 'त्या'

दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावरून नारळी-पोफळींच्या वाड्यांमधून चढत जाणारी ही पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, एका लहानशा वाचनालयापाशी संपते. दमट हवेने फुगलेल्या, खळ लावून खाकी कागदात बांधलेल्या कादंबऱ्यांचे कपाट दुपारी उघडले जाते. त्या कपाटातल्या काही नायिकांना स्वतःविषयी विश्वास होता. त्या विश्वासाला मान कोणी दिला, हे आज या चित्रफितीत पाहायचे आहे.

जेन ऑस्टिन यांची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातली एलिझाबेथ बेनेट कॉलिन्स नावाच्या पाद्र्याला लग्नाला स्पष्ट नकार देते, पण त्या गृहस्थाला तो नकार ऐकूच येत नाही. घरंदाज मुली आधी नाहीच म्हणतात, अशी त्याची पक्की समजूत असल्यामुळे ती पुनःपुन्हा सांगते तसतसा त्याचा उत्साह वाढत जातो. अखेर, आपण नखरे करत नसून विचारी माणसासारखे मनातले खरे बोलत आहोत, हेही तिलाच समजावून सांगावे लागते. प्रसंग विनोदी आहे. मात्र खाली मान घालून पोह्यांची बशी पुढे केलेल्या आपल्याकडच्या बायकांना त्यात फारसे हसू येणार नाही. पुढे तिला मागणी घालणाऱ्या डार्सीलाही ती झिडकारते. तो दुखावतो, पण तिचे बोलणे खरे धरतो, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या आरोपांना पत्राने उत्तर देतो. एलिझाबेथ दोन्ही वेळा तीच आहे. फरक ऐकणाऱ्यात आहे.

शार्लट ब्राँटी यांच्या १८४७ सालच्या 'जेन आयर'मध्ये ऐकणारा कोणीच उरत नाही. नायिका जेन हिच्याशी लग्नाला उभ्या राहिलेल्या रॉचेस्टरची पहिली पत्नी जिवंत असल्याचे ऐन लग्नाच्या वेळी उघड होते. तरीही तू थांब, तुझी फिकीर आहे कोणाला, असा विचार मनात उठताच जेन स्वतःलाच उत्तर देते की माझी फिकीर मला आहे, आणि मी जितकी निराधार होईन तितका स्वतःचा मान अधिक राखीन. हे उद्गार सर्वांना ठाऊक असतात. मला त्यापुढची पाने अधिक मोलाची वाटतात. जवळचे वीस शिलिंग गाडीभाड्यात गेलेले, गाठोडे गाडीतच राहिलेले, अशा अवस्थेत जेन एका झोपडीच्या दारात डुकरापुढे टाकायला काढलेली गार लापशी मागून घेते आणि खाते. ताठ कण्याच्या मुलीला जगाने तत्काळ पाट मांडून दिला, असे ब्राँटीबाई भासवत नाहीत.

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९३ साली पुस्तकरूपाने आली. मुंबईत नवऱ्याच्या सोबतीने लिहायला-वाचायला शिकून धीट झालेल्या यमूचे, वैधव्य येताच, सक्तीने केशवपन होते. तिचा धीर घरातल्या कोणाच्या लेखी नाही; तो मोजतो तो वाचक. त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, आणि त्यांच्या गावाने, म्हणजे याच मुरूडने, त्यांना वाळीत टाकले.

श्री. ना. पेंडसे यांच्या १९६२ सालच्या 'रथचक्र'ची नायिका याच कोकणातली आहे. नवरा घर सोडून गेलेला, आणि मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबातून बाहेर पडण्याचा निर्णय तिने एकटीने घेतलेला. पेंडशांनी तिला नावही दिले नाही. कादंबरीभर ती केवळ 'ती' आहे. पुढच्याच वर्षी या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

या वाचनालयातल्या चित्रीकरणाच्या दिवशी एक आजी हे पुस्तक परत करायला आल्या. वहीत सही करता करता त्या ग्रंथपालांना म्हणाल्या, "पोरांसाठी त्यांनी घर सोडलं हो." लेखकाने 'ती' म्हटलेल्या बाईला त्या 'त्यांनी' म्हणत होत्या.