कोंडवाड्याच्या यादीत नसलेलं जनावर

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या गावच्या कोंडवाड्यामागं एक कायदा आहे. इंग्रजांच्या वेळचा, १८७१ सालचा. दुसऱ्याच्या शेतात शिरलेलं जनावर धरायचं, कोंडवाड्यात घालायचं आणि मालकानं दंड व चारापाण्याचा खर्च भरला की सोडायचं, असा त्याचा सरळ हिशेब. गुरं म्हणजे नेमकी कोण, याची या कायद्यात भलीमोठी यादी आहे. गाय-बैल आलेच, शिवाय म्हशी, घोडे, शिंगरं, खेचरं, गाढवं, डुकरं, मेंढ्या, शेळ्या, करडं. हत्तीसुद्धा आहे आणि उंटसुद्धा. आता हत्ती आपल्या कोकणात, दोडामार्गात २००२ पासून येताहेत, पण ते रानटी, त्यांच्या गळ्यात दावं कोण घालणार? आणि उंट आपल्याला माहीत तो किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा. तरी दोघंही यादीत आहेत. कुत्रा मात्र नाही.

म्हणजे शेळीनं शेजाऱ्याची मिरची खाल्ली तर त्याची पावती फाटू शकते. शेजाऱ्याच्या कुत्र्यानं ती शेळीच फाडली, तर ग्रामपंचायतीच्या कपाटात त्यासाठी एक वहीसुद्धा नसते. आज या नसलेल्या वहीबद्दल बोलायचं आहे.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, त्यामुळं हा विषय मला कागदापेक्षा गोठ्यातून जास्त माहीत. फोन यायचा तो उजाडताना. "साहेब, वाघानं मारलं." आपल्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात, हे सांगायला नको. जाऊन बघावं तर पुष्कळदा वाघाचा पत्ता नसायचा. बिबट्या मारतो तो गळा धरून. सुळ्यांच्या खुणा मानेवर, थोड्या पण खोल. शक्य असेल तर शिकार ओढत झाडीत नेतो, आणि खाण्यासाठीच मारतो. कुत्र्यांचं काम निराळं. मागच्या मांड्या, कास, शेपटीची बाजू, कान, जागोजागी ओरबाडलेलं असतं. एक मेलेली, दोन जखमी, एक भेदरून गडग्यापलीकडं उभी. खाल्लेलं फारसं नसतंच. खुराड्यात शिरली तर कोंबड्या मारून तिथंच टाकलेल्या. त्यातच कोणाचा देवाच्या राखणीला बळी द्यायला ठेवलेला कोंबडा गेलेला असतो, त्याचं दुःख पैशात सांगता येत नाही आणि मालक सांगतही नाही.

तरी लोकांना वाघच हवा असतो, आणि त्याला कारण आहे. बिबट्यानं जनावर मारलं तर वनखात्याकडून भरपाई मिळते. ४८ तासांत कळवायचं, वनरक्षक येतो, पंचनामा होतो, पशुवैद्यकाचा दाखला लागतो. वेळ लागेल, पण रस्ता ठरलेला आहे. कुत्र्यानं मारलं तर सरकारी भरपाईचा असा रस्ताच नाही. मग घरधनी हळूच बाजूला घेऊन म्हणतो, "लिहा ना साहेब वाघ, तुमचं काय जातं?" खोटा वाघ लिहिला की एका घराला पैसे मिळतात खरे. पण ज्या कुत्र्यांनी शेळी मारली त्यांचं नाव कागदावर कुठंच येत नाही, आणि पुढच्या पौर्णिमेच्या आत ती दुसऱ्या वाडीत पोचलेली असतात.

एकदा रक्ताची चटक लागली की कुत्रा ते विसरत नाही. आणि हा कुत्रा उपाशी, मोकाट, खरजेनं भरलेला असेल असं आपण धरून चालतो. अनुभव असा, की तो बऱ्याचदा कोणाच्या तरी ओटीवर दोन वेळ भात-आमटी खाणारा असतो. मालक म्हणतो, "आमचो मोत्या तसलो नाय." तो खोटं बोलत नसतो. मोत्या घरात तसा नसतोच, पोरं त्याच्या अंगावर लोळतात. पण रात्री साखळी काढली की मोत्याला शेजारच्या वाडीतले दोघं भेटतात, आणि तीन कुत्री एकत्र झाली की ती वेगळंच जनावर होतात. पहाटे घरी येऊन तो अंगण राखत बसतो. पावसात शेतं लावलेली असतात म्हणून शेळी आपण दाव्यानं खुंटाला बांधतो. तिला तर पळायचीही सोय नाही.

मग करायचं काय? सगळ्यात मोठी गोष्ट ही, की पहिली कोंबडी गेली तेव्हाच लेखी द्या. आपण तसं करत नाही. शेजारी आहे, लग्नाकार्यात एका पंगतीला बसतो, एका कोंबडीवरून कशाला वाकडं घ्या, असं म्हणून सोडून देतो. दुसरी जाते, चौथी जाते. शेवटी दुभती शेळी जाते आणि मग कोयता निघतो. पहिल्या वेळच्या अर्जाची किंमत नंतर कळते. कोर्टात दिवाणी दावा लावायची वेळ आलीच, तर कुत्र्याला अशी खोड आहे हे मालकाला आधी माहीत होतं का, हा प्रश्न येतोच. ग्रामपंचायतीच्या आवक-जावक नोंदवहीत तुमचा अर्ज असेल आणि मालकाला त्याची नोटीस गेली असेल, तर "मला काय माहीत" म्हणायची सोय त्याला उरत नाही. साधा फुलस्केप कागद पुरतो. तारीख, वेळ, काय मेलं, कुत्रा कसा दिसतो, कोणी पाहिला. पोच घ्यायला मात्र विसरू नका. पोच मागितली की समोरच्याला राग येतो, येऊ द्या.

जनावर मेलं तर लगेच पुरू नका. फोटो काढा, कानातला बिल्ला दिसेल असा. ग्रामसेवकांना बोलवा, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पोलीस पाटील आणि दोन पंच घेऊन पंचनामा करा. पशुवैद्यकीय दवाखान्यातून शवविच्छेदनाचा दाखला घ्या. जखमी असेल तर १९६२ या नंबरावर फिरत्या दवाखान्यासाठी फोन करता येतो. विमा असेल तर हे सगळे कागद तिथंही लागतात. आणि कुत्र्याचा मालक ठाऊक असेल तर पुढचं काम तंटामुक्ती समितीचं. ही समिती २००७ पासून गावोगावी आहे, आणि बांधाच्या भांडणाइतकंच हे भांडण तिच्या अखत्यारीतलं आहे. अशा बैठकांत मी पाहिलंय, नुकसान झालेली बाई शेवटी म्हणते, पैसे राहू देत, रात्री कुत्रा बांधा म्हणजे झालं. ते तेवढं लिहून घ्यायचं आणि मालकाची सही घ्यायची.

पोलिसांकडं जाता येतं का? भारतीय न्याय संहितेचं २९१ कलम आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असताना पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम माणसासाठी आहे, शेळीसाठी नाही. पण शेळी फाडणाऱ्या टोळीच्या वाटेवर शाळेत जाणारी पोरं असतील, तर अर्जात ते लिहायला हरकत नाही.

आता ज्या कुत्र्यांना मालक होता आणि आता नाही, त्यांच्याकडं येऊ. ही कोकणची खास पैदास. आंबा-काजूच्या बागेत वानर आणि डुकरं हाकायला हंगामाला कुत्री आणतात. ती कामाची आहेत, वानरांचा त्रास ज्याला आहे त्याला त्यांची किंमत विचारा. पण मे संपतो, राखणदार आपल्या मुलखाला जातो, बागमालक शहरात जातो आणि कुत्री बागेतच राहतात. जूनमध्ये त्यांना भाकर कोण घालणार? दुसरी पैदास चाकरमान्यांची. मे महिन्यात मुंबईची पोरं पिल्लू धरतात, नाव ठेवतात, शॅम्पूनं आंघोळ घालतात आणि शाळा सुरू व्हायच्या आत घराला कुलूप लागतं. गणपतीला येतात तोवर ते पिल्लू राहिलेलं नसतं. माझं मत स्पष्ट आहे: बागमालकाची घरपट्टी, चाकरमान्याची घरपट्टी ग्रामपंचायतीकडं जमा होते, म्हणजे त्यांची नावं आणि पत्ते दप्तरी आहेत. नोटीस पाठवायला पोस्टाच्या तिकिटापलीकडं काही लागत नाही.

कुत्रा गोणत्यात भरून घाटात सोडून येणं, हा आपला जुना उपाय. तो उपाय नव्हे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात, उपाशी मरेल अशा जागी जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे. आणि घाटाखालच्या वाडीनं तुमचं काय घोडं मारलं आहे? विषाचं तर नावच नको. मेलेल्या शेळीच्या मांसात कीटकनाशक घालून ठेवतात. नव्या संहितेच्या ३२५ कलमाखाली जनावराला विष घालून मारल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय ते मांस फक्त मोत्याच खाईल असं नाही. म्हसळ्यातल्या चिरगावला गिधाडं जपण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं राबली आहेत. असं एक विषारी मढं तिथल्या आसपास पडलं तर काय होईल? गोठ्यात शिरलेल्या कुत्र्याला काठी घेऊन हाकला, त्याला कोणाची ना नाही.

ज्यांना मालकच नाही त्या कुत्र्यांची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी स्थानिक संस्थेवर टाकली आहे. नसबंदी, रेबीजची लस, आणि मग ज्या जागेवरून उचललं तिथंच परत सोडणं. यावर सरपंच वैतागतात आणि त्यांचं खोटं नाही. शस्त्रक्रियेची जागा, पिंजरे, पशुवैद्यक, प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेली संस्था हे सगळं एका ग्रामपंचायतीनं उभं करायचं कसं? वर्षाच्या दिवाबत्तीचं बिल भरताना जिथं नाकी नऊ येतात तिथं? हे काम तालुक्याचं, जिल्हा परिषदेचं, शेजारच्या नगरपंचायतीला बरोबर घेऊन करायचं आहे. ग्रामपंचायतीनं त्यासाठी लेखी मागणी करावी आणि करत राहावी.

पण एक गोष्ट गावाच्या हातातली आहे, तिला कोणाची मंजुरी लागत नाही. कोंबडीच्या दुकानातली आतडी-पिसं रात्री वहाळात, नाहीतर रस्त्याच्या वळणावर कोण टाकतं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. बंदरावर मासळीची घाण कुठं पडते तेही माहीत असतं. त्या जागी टोळ्या पोसल्या जातात, आणि एखाद्या दिवशी तिथं काही मिळालं नाही की त्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चरणाऱ्या गुरांकडं वळतात. दुकानदाराला खड्डा काढायला लावणं नसबंदी केंद्रापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

सर्वोच्च न्यायालयानं कुत्री उचलायला सांगितलंय ना, असं काही जण विचारतात. २०२५ च्या ऑगस्टमधला मूळ आदेश दिल्ली परिसरापुरता होता आणि तोही त्याच महिन्यात बदलला. नोव्हेंबरचा आदेश शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं यांच्या आवाराबद्दल आहे. गावची शाळा त्यात येते. आपला सडा येत नाही.

आता जरा घाबरवणारं सांगतो. कुत्रा चावलेली गाय किंवा म्हैस काही दिवसांनी वेगळी वागू लागली, सारखी हंबरते, लाळ गळते, गिळता येत नाही, तर घशात काहीतरी अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका. पुष्कळ जण नेमकं हेच करतात. ते रेबीज असू शकतं, आणि एकदा लक्षणं दिसली की जनावर वाचत नाही. चावल्याबरोबर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हातात मोजे घालून, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून जनावराची लस सुरू करायची. ज्यांनी लाळेला हात लावला त्यांनी आरोग्य केंद्रात जायचं. हळद आणि चुना लावून वाट बघू नका.

राहिली ती वही. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. गावात पाळलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद ग्रामपंचायतीत ठेवावी, मालकाचं नाव, कुत्र्याचा रंग, लस दिल्याची तारीख. रात्री कुत्री बांधावीत. जनावरावर हल्ला झाल्याचा अर्ज आला की ठरावीक दिवसांत पंचनामा आणि नोटीस व्हावी. बागेतल्या कुत्र्यांची नोंद बागमालकाच्या नावावर व्हावी. उत्साहाच्या भरात लगेच दंड ठरवू नका. कायद्याचा आधार नसताना नुसत्या ठरावावर फाडलेली पावती पुढं टिकत नाही, आणि एकदा ती रद्द झाली की सगळी वहीच बंद पडते. दंडाचं पंचायत समितीत विचारून, उपविधीच्या, म्हणजे रीतसर मंजूर नियमाच्या, वाटेनं जा.

सरपंच कदाचित टाळतील. कुत्र्याच्या मालकाच्या घरात चार मतं असतात आणि मेलेल्या शेळीला एकही नसतं, हे त्यांनाही कळतं. म्हणून ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं लागतात, ती नीट निवडा. सूचक म्हणून ज्याची शेळी गेली तो उभा राहीलच. अनुमोदन कुत्रा पाळणाऱ्या घरातून यायला हवं. त्या घरी आधी जाऊन बसा, चहा घ्या आणि मग ग्रामसभेला या.

नमस्कार.