चावंडची वाट

जुन्नरहून नाणेघाटाकडे जाताना चावंडवाडीच्या डोक्यावर जो उभा कातळ दिसतो, तो चावंड किल्ला, म्हणजेच प्रसन्नगड. या गडाच्या वाटेच्या तुटलेल्या पायऱ्या स्वयंसेवक पुन्हा बसवत आहेत, त्या कामाची ही ओळख. सातवाहनांच्या काळापासून नाणेघाटातून मालाची ने-आण होत असे आणि त्या व्यापारी मार्गावर नजर ठेवणाऱ्या शिवनेरी, हडसर, जीवधन या गडांबरोबर चावंडचेही नाव घेतले जाते. अहमदनगरच्या निजामशाहीच्या पडत्या काळात गादीचा अल्पवयीन वारस बहादूर याला याच गडावर कैदेत ठेवले होते. गडाचा कडा पाहिला की ही जागा का निवडली असेल, हे निराळे सांगावे लागत नाही.

१८१८ साली इंग्रजांनी गड घेतला आणि तो पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नये म्हणून कातळात खोदलेल्या पायऱ्या उद्ध्वस्त केल्या. आज वाटेवर दिसतो तो तुटलेला टप्पा त्याच वेळचा. या टप्प्यावर खडकात रोवलेली लोखंडी नळी नीट पाहावी. हा जंबुरका, म्हणजे लहान तोफ. शत्रूवर डागण्यासाठी घडवलेली ही वस्तू पुढे चढणाऱ्यांना आधार देत राहिली.

पायऱ्यांचे जे दगड खाली ढासळले, ते माती आणि कारवीच्या मुळांखाली गाडले गेले होते. स्वयंसेवक प्रथम झुडपे कोयत्याने मुळाशी छाटतात, मग माती घमेल्यांनी हातोहात बाजूला पोचवतात आणि घडीव कड दिसू लागली की पहार थांबवून खुरप्याने काम करतात, कारण छिन्नीच्या जुन्या खुणा पहारीच्या एका घावाने जाऊ शकतात. मोठ्या दगडाला दोराचा फास घालून वरून चौघे ओढतात, खालून दोघे पहारीने रेटा देतात आणि दगड वीतभर सरकला की एक जण तत्परतेने त्याच्या मागे धोंडा सारतो, म्हणजे तो पुन्हा घरंगळत नाही. जागेवर आलेला दगड सिमेंटाने चिकटवला जात नाही. खालच्या फटीत चिपा ठोकून तो डगमगेनासा केला जातो आणि त्यावर उभे राहून पाहिल्यावरच पुढच्या दगडाला हात घातला जातो. जुन्या वाटेला नवा मुलामा न देता तिचेच दगड तिला परत देणे, हीच आमच्या मते योग्य रीत आहे.

कड्यालगतचे लोखंडी कठडे वन विभागाने बसवले आहेत. गणेशाची मूर्ती कोरलेल्या दरवाजापर्यंत आणि पुढे माथ्यावरील चामुंडा देवीच्या मंदिरापर्यंत सामान्य माणूसही आता आधाराने चढू शकतो.

वाटेच्या डोंगराकडील बाजूला स्वयंसेवक खोदत असलेला चर पावसाचे पाणी पायऱ्यांवरून वाहू नये यासाठी आहे. जुन्नरच्या या पट्ट्यात पाऊस मुसळधार पडतो आणि चर गाळाने भरला की बसवलेले दगड सुटू लागतात, म्हणून मृगाच्या आधी तो दरवर्षी उपसावाच लागेल.