काहील कधी उतरवायची

(दृश्य : पहाटेचा अंधार. करवीर तालुक्यातील एक गुऱ्हाळ. चुलवाणाच्या तोंडाशी जाळ.)

पहाटेचे पाच वाजले आहेत आणि दिवसाची पहिली काहील, म्हणजे रस उकळण्याची मोठी पसरट कढई, चुलवाणावर चढली आहे. चरकातून आलेला उसाचा रस तापू लागला, की त्यात रानभेंडीचा चिकट रस मिसळतात आणि रसातला मळ गोळा होऊन वर येतो. ही मळी काढण्यात घाई करून चालत नाही, कारण ती मागे राहिली तर गुळाचा रंग काळवंडतो. वाळलेले चिपाड आत सारणारा चुलव्या जाळासमोर बसला असला, तरी त्याचा कान वर काहिलीशेजारी उभ्या असलेल्या गुळव्याच्या, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या जाणकाराच्या, हाकेकडे आहे.

(दृश्य : काहिलीतील फेस, अगदी जवळून.)

सुरुवातीचे मोठे, उथळ बुडबुडे हळूहळू लहान आणि दाट होत जातात, रंग पिवळ्याकडून तांबूस सोनेरी होतो, उकळीचा आवाज जड होतो आणि वाफेतला कच्च्या रसाचा वास जाऊन तेथे पाकाचा वास येतो. पुस्तकात ढेपेच्या गुळासाठी साधारण ११८ अंश सेल्सियस हे तापमान दिलेले असते. गुळव्या मात्र थेंबभर पाक थंड पाण्याच्या वाडग्यात सोडतो, अंगठा आणि दोन बोटांमध्ये त्याची गोळी वळतो आणि तिचा ताठपणा पाहतो. आज ऊस नव्या लागणीचा आहे की खोडव्याचा, म्हणजे तोडणीनंतर त्याच खोडातून पुन्हा फुटलेला, तोडून किती दिवस झाले, रान काळे आहे की नदीकाठच्या गाळाचे, हे सगळे त्या गोळीत त्याला कळते. काहील क्षणभर लवकर उतरली तर गूळ बसत नाही आणि उशिरा उतरली तर तो करपतो.

काहिलीच्या वर लोखंडी पट्टीला बांधलेला जो छोटा कॅमेरा दिसतो, तो याच गावातल्या, इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. हंगामाच्या सुरुवातीपासून तो फेसाचे चित्रण करीत आहे आणि गुळव्याने ज्या क्षणी काहील उतरवली, तो क्षण प्रत्येक चित्रणावर नोंदवून त्याने लॅपटॉपवरील प्रोग्रॅमला शिकवले आहे. लागणीच्या उसावर प्रोग्रॅम चांगला चालला. पुढे खोडवा आला, फेसाची चाल बदलली आणि अंदाज चुकू लागले, म्हणून त्याने प्रोग्रॅमला केवळ खोडव्याची नवी चित्रे दाखवली. खोडवा जमू लागला, पण त्यानंतर आलेल्या लागणीच्या उसावर तोच प्रोग्रॅम साफ चुकला. नवे शिकताना जुने पुसले जाण्याचा हा दोष संगणकशास्त्राला १९८९ पासून माहीत आहे आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या यंत्रणांचीही त्यातून पूर्ण सुटका झालेली नाही. बहुतेक यंत्रणांचे शिकणे एकदाच, कारखान्यात असावे तसे होते आणि त्यानंतर त्या केवळ शिकलेले वापरतात.

(दृश्य : टेबलावर उघडलेला लॅपटॉप, त्यातील प्रोसेसर आणि मेमरी. विद्यार्थ्याचे बोट एकावरून दुसऱ्याकडे जाते.)

१९४५ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या अहवालात मांडल्या गेलेल्या रचनेप्रमाणे आजही आपल्या संगणकात हिशेब करणारा भाग वेगळा आणि आठवण ठेवणारा भाग वेगळा असतो. प्रत्येक आकड्याला या दोन भागांमध्ये सतत ये-जा करावी लागते आणि वीज मोठ्या प्रमाणात त्या ये-जा करण्यातच खर्च होते. मेंदूत असे दोन वाडे नाहीत. तेथे सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, त्या एकमेकींशी जेथे जोडल्या जातात त्या चेतासंधींतच आठवण राहते आणि तेथेच हिशेबही होतो. हा सगळा संसार साधारण २० वॉट शक्तीवर, म्हणजे एका लहान दिव्याच्या खर्चात चालतो.

हे पाहून कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेत कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकात सिलिकॉनमध्येच चेतापेशींचे वागणे उतरवण्याचा प्रयत्न सुरू केला आणि या शाखेला न्यूरोमॉर्फिक, म्हणजे चेतासंस्थेच्या रूपाची, हे नाव त्यांनीच दिले. अशा चिपमधील कृत्रिम चेतापेशी एरवी गप्प असते. तिच्याकडे येणारे विद्युत स्पंद साठत जातात, ठरावीक उंबरठा ओलांडला की ती स्वतः एक स्पंद सोडते आणि पुन्हा गप्प होते. जेथे काही घडत नाही तेथे वीजही फारशी लागत नाही. आयबीएमने २०१४ मध्ये सादर केलेल्या ट्रूनॉर्थ चिपवर १० लाख कृत्रिम चेतापेशी आणि २५.६ कोटी चेतासंधी होत्या आणि तिला सुमारे ७० मिलिवॉट पुरत असत. तरीही ही चिप स्वतः शिकत नव्हती. तिचे धडे दुसऱ्या संगणकावर तयार करून तिच्यात भरावे लागत, हे तिच्या कौतुकात बहुधा सांगायचे राहून जाते.

इंटेलची २०१७ मधील लोइही ही चिप मात्र जागच्या जागी शिकते. तिच्यातील एक चेतापेशी दुसरीच्या किंचित आधी पेटली तर दोघींमधला दुवा घट्ट करता येतो आणि क्रम उलटा झाला तर सैल करता येतो. मेंदूतील दुवे वापराने घट्ट होत असावेत, हे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडले होते.

(दृश्य : वाफेत झुकलेला गुळव्या. तो डोळे मिटून वास घेतो.)

२०२० मध्ये इंटेल आणि कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी या चिपला वास ओळखायला शिकवले. ७२ रासायनिक संवेदकांनी आधी टिपून ठेवलेल्या नोंदींमधून तिने दहा वायू ओळखले, प्रत्येकासाठी एकच नमुना तिला पुरला आणि नवा वास शिकताना जुने वास ती विसरली नाही. याला शिकणे म्हणायचे नाही, तर मग कशाला म्हणायचे? यंत्र शिकूच शकत नाही असे ठासून सांगणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा नीट पाहावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

मात्र वाफेत उभ्या असलेल्या या माणसाचे शिकणे येथे संपत नाही. चिपमधील दुवा घट्ट होतो तो काही मिलिसेकंदांच्या अंतराने घडलेल्या दोन घटनांवरून, पण काहील उतरवण्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हे गुळव्याला त्या क्षणी कळत नाही. पाक वाफ्यात, म्हणजे तो निववण्याच्या उथळ खड्ड्यात, ओतला जातो, घोटला जातो, कापड अंथरलेल्या साच्यांत भरला जातो, त्याचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, बसतात, आणि रंग, कणी, टिकाऊपणा यांचा निकाल दुसऱ्या दिवशी किंवा त्याहूनही उशिरा लागतो. मध्ये इतर कितीतरी काहिली होऊन गेलेल्या असतात. तरीही तो निकाल नेमक्या त्या काहिलीच्या, त्या वासाच्या आणि त्या गोळीच्या खात्यावर टाकणे त्याला जमते. उशिरा आलेले फळ योग्य कृतीला जोडणे, हा मेंदूसारख्या चिप घडवणाऱ्यांपुढचा अतिशय अवघड प्रश्न आहे. २०२४ मध्ये अशा १,१५२ चिप जोडून सुमारे ११५ कोटी चेतापेशींची यंत्रणा उभी राहिली, तेव्हाही केवळ संख्या वाढल्याने तो सुटलेला नाही.

गुऱ्हाळे कमी होत चालली आहेत आणि गुळव्याच्या हाताखाली शिकायला येणारी मुलेही.

(दृश्य : काहील उतरवण्याचा क्षण. पडद्यावर प्रोग्रॅमची हिरवी खूण.)

पडद्यावर खूण उमटली आहे. विद्यार्थी विचारतो, "तात्या, उतरायची का?" गुळव्या बोटांतली गोळी दाबून पाहतो आणि म्हणतो, "आजून वाईच दम धर." खाली चुलव्याचा हात थांबतो. काही क्षणांनी काहील उतरते आणि वाफ्यात सोनेरी पाक पसरतो.

(दृश्य : दुसरा दिवस. कोल्हापूरचे शाहू मार्केट यार्ड, गुळाचे सौदे.)

रव्यांच्या रांगांमधून फिरणारा व्यापारी एका रव्याचा कोपरा नखाने फोडतो, कणी उजेडात धरून पाहतो, जिभेवर ठेवतो आणि भाव बोलतो. गेले काही आठवडे विद्यार्थी येथेही येऊ लागला आहे. त्याच्या वहीत आधी दोनच रकाने होते, फेसाचे चित्रण आणि काहील उतरवल्याची वेळ. आता त्याने तिसरा रकाना आखला आहे आणि कालच्या पहिल्या काहिलीसमोर तो रंग, कणी आणि भाव लिहितो आहे.